मुक्या सोबत्याचा वियोग

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. आमच्या आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तीन दिवस शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं त्यानें वडिलांची चिठ्ठी आणून आमच्या मेजावर ठेविली. चिठ्ठींत तापाचें कारण होतें. परंतु मुलाच्या मुद्रेवर तापाचें लक्षण दिसेना. डोळे मात्र सुजलेले होते. मधल्या सुट्टींत आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारिलें, तेव्हां बराच वेळ खालीं पाहून तो म्हणाला, "सर, आमचा कुत्रा वारला." शेजारीं उभे असलेले दोघे-तिघे मुलगे हें ऐकून हंसले. 'वारला' हा शब्द कुत्र्याच्या बाबतींत त्यांस विनोदी वाटला. तो मुलगाहि ओशाळून त्यांच्याबरोबर हंसला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

तें हंसणें आमच्या मनांतून जात नाहीं. मुलांस आम्ही दोष देत नाहीं. दोष असलाच तर तो आम्हां वडील मंडळींचा आहे. वडिलांनीं चिठ्ठींत खरें कारण कां लिहिलें नाहीं? शाळेस तें क्षुल्लक वाटेल अशी त्यांची समजूत होती म्हणून. आणि ही समजूत चुकीची होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. कारण त्यापूर्वीं दोन वर्षें आमचा स्वतःचा कुत्रा गेला, तेव्हां आम्हींहि रजेच्या अर्जांत 'घरगुती अडचण' एवढेंच लिहिलें होतें. चाळिशी उलटलेल्या पदवीधर शिक्षकास जें लिहिण्याचें धैर्य झालें नाहीं, तें त्या मुलानें मित्रांसमक्ष बोलून दाखविलें. म्हणून आज हा विषय आम्ही विद्यार्थी व पालक या दोघांच्याहि पुढें ठेवीत आहों.

पाळलेलें जनावर गेल्याचें दुःख हें खरें दुःख आहे काय, हा प्रश्न प्रथम घेऊं. हें दुःख आजकालच्या सुखवस्तु लोकांची चैन आहे असें कित्येकांस वाटतें. परंतु इतिहास तसें सांगत नाहीं. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानें लिहून ठेविलें आहे कीं, मिसर देशांत घरचें मांजर मेलें तर घरांतील माणसें भुंवया काढीत, आणि कुत्रा मेला तर डोक्याचे व सर्व अंगाचे केस काढीत. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराज युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशीं उभा आहे. बरोबर आलेल्या कुत्र्यास सोडून ये, असें त्यास सांगण्यांत येतें, तेव्हां तो स्वर्ग नाकारतो, पण कुत्र्यास टाकीत नाहीं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत नाथान संदेष्टा दावीद राजास एका गरीब मनुष्याची गोष्ट सांगतो. त्या मनुष्याची एकच लहानशी मेंढी होती. ती त्याच्या घासांतील घास खाई, त्याच्या प्याल्यांतील पाणी पिई, त्याच्या उराशीं निजे आणि त्यास मुलीसारखी होती. श्रीमंतानें ती हिरावून नेली हें ऐकतांच राजा क्रोधानें पेटला. 'एका मेंढीचें एवढें काय' असें तो म्हणाला नाहीं. आणि इतकें दूर तरी कां जावें? बैल गेला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं दावणीकडे पाहवत नाहीं, आणि पुढच्या पोळ्याला त्या घरच्या माणसांचा जीव थोडा थोडा होतो, हें खेड्यांतून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं सांगावयास नको.

दुःख जुनें आहे. नाहीं ती त्याच्यासाठीं ठरलेली रीत. माणूस गेलें म्हणजे शेजारीपाजारी येतात, चूल बंद राहते, प्रार्थना किंवा दिवसवार होतात, कामावरून रजा मिळते. कुत्रा किंवा मांजर गेलें तर यांपैकीं कांहींच नाहीं. रात्रीं रडावें आणि सकाळीं दप्तर उचलून शाळेंत यावें. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानें १९८९ सालीं अशाच शोकावर एक ग्रंथ संपादिला. जो शोक समाज उघडपणें मान्य करीत नाहीं, ज्याविषयीं मोकळेपणानें बोलतां येत नाहीं, तो शोकाचा हक्कच नाकारलेला शोक होय, असा त्याचा विचार; आणि पाळीव प्राण्याचा वियोग त्यानें या वर्गांत घातला आहे. दुःखाला लाज येऊन मिळाली म्हणजे तें अधिक काळ टिकतें, हा आमचाहि अनुभव आहे.

येथें एक आक्षेप येईल. जगांत माणसें उपाशीं मरत असतां कुत्र्यासाठीं अश्रु ढाळणें शोभतें काय? आमचें उत्तर असें कीं, दया ही डब्यांतील साखर नव्हे कीं जनावराला दिल्यानें ती माणसाला कमी पडावी. जो मुलगा आजारी कुत्र्याच्या उशाशीं रात्रभर बसला, तो पुढें आजारी आजीच्या उशाशींहि बसूं शकेल. निदान त्यानें बसणें म्हणजे काय तें पाहिलें आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावयाचा, तिकडे वळूं. निरोगी मनाच्या मनुष्यास हें दुःख जड जातें, परंतु बहुधा तो कालांतरानें त्यांतून बाहेर येतो. ज्याचें मन आधींच आजारी आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. याविषयीं आम्ही केवळ पुस्तकी ज्ञानावर बोलत नाहीं. गेलीं कित्येक वर्षें आम्ही स्वतः विषाद या मनोरोगावर औषधोपचार घेत आहों. डॉक्टर त्यास डिप्रेशन म्हणतात. शाळेच्या वार्षिकांत हें लिहावें कीं न लिहावें, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. मधुमेहाची गोळी घेणारे शिक्षक ती सर्वांसमक्ष घेतात; मग आम्हींच आपली गोळी लपून कां घ्यावी, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं.

या रोगांत मनुष्य सदैव रडत असतो असा समज आहे. तो बरोबर नाहीं. पुष्कळदां रडूंच येत नाहीं अशी तक्रार असते. पहाटे फार लौकर जाग येते, पण अंथरुणांतून उठवत नाहीं. अन्नाची चव जाते. वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. आणि कोणतीहि गोष्ट बिघडली कीं ती आपल्यामुळेंच बिघडली असें वाटूं लागतें. अशा दिवसांत आमच्या मोतीनें आमच्यासाठीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. पहाटे साडेपांच वाजतां तो अंथरुणाशीं येऊन उभा राही. आमची इच्छा आहे कीं नाहीं याची चौकशी तो करीत नसे. त्यास बाहेर नेणें भागच होतें, म्हणून आम्ही उठत असूं. बाहेर पडलों म्हणजे उजेड दिसे, दूधवाला भेटे, पाय मोकळे होत. रात्रीं आठ वाजतां त्याच्यापुढें दूध-भाकरीची थाळी ठेवावयाची, आणि त्याच वेळीं आपली गोळी घ्यावयाची, असा आमचा नेम पडून गेला होता. औषध डॉक्टरांनीं दिलें, पण तें वेळेवर पोटांत जाण्याची व्यवस्था मोतीनें ठेविली.

जनावराच्या अशा उपयोगाकडे विद्वानांचेंहि लक्ष गेलेलें आहे. न्यूयॉर्क येथील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल, घुमा मुलगा ठरल्या वेळेपूर्वींच येऊन पोहोंचला. त्या वेळीं त्यांचा जिंगल्स नांवाचा कुत्रा खोलींतच होता. माणसांशीं न बोलणारा तो मुलगा कुत्र्याशीं खेळूं लागला, आणि त्या खेळांतून हळूहळू डॉक्टरांशींहि त्याचा परिचय जुळला. १९६२ सालीं लेव्हिन्सन यांनीं उपचारांतील सहकारी म्हणून कुत्र्याचा विचार करणारा निबंध प्रसिद्ध केला. कुत्रा हें औषध नव्हे. परंतु औषधाकडे नेणारी वाट तो होऊं शकतो.

आणि म्हणूनच तो गेल्यावर ती वाट मोडते. मोती अकरा वर्षांचा झाला, तेव्हां त्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार पुष्कळदां आढळतो. सलाईन झालें, पथ्य झालें. शेवटीं घोटभर पाणीहि त्याच्या पोटांत ठरेना. पशुवैद्य म्हणाले कीं, यापुढें राहिलेले दिवस वेदनेचेच असतील. संमति असल्यास इंजेक्शन देऊन त्यास शांतपणें जाऊं देतां येईल. आम्हीं संमति दिली. शेवटपर्यंत त्याचें डोकें आमच्या मांडीवर होतें.

त्याच रात्रीं आमच्या मनानें आमच्यावर खटला भरला. तुला आजार लौकर कां कळला नाहीं? आणखी दोन दिवस थांबला असतास तर? ज्यानें तुला इतकीं वर्षें उठविलें, त्याला तूं एका सहीनें निजविलेंस. असे प्रश्न प्रत्येक पाळणाऱ्यास पडतात, आणि त्यांचा पडणें हा प्रेमाचाच एक भाग आहे. परंतु विषादानें ग्रासलेलें मन हे प्रश्न विचारून थांबत नाहीं; तें लागलीच निकालहि देऊन मोकळें होतें. दुःख म्हणतें, 'तो गेला.' रोग म्हणतो, 'तूं वाईट आहेस.' हीं दोन वाक्यें निरनिराळ्या मुखांतून आलेलीं आहेत हें ओळखण्यास आम्हांस पुष्कळ दिवस लागले.

तीन आठवडे गेले. आम्ही पहाटे उठेनासे झालों, कारण उठविणारें कोणी नव्हतें. फिरणें बंद झालें. रात्रीचें जेवण कधीं नऊला, कधीं अकराला, कधीं मुळींच नाहीं. एके दिवशीं आमच्या पत्नीनें गोळ्यांचें पाकीट पुढें धरून विचारिलें, "अहो, हें तसेंच आहे. किती दिवस झाले?" आमच्या तोंडून सहज निघालें, "तीं मोतीबरोबरच गेलीं." बोललेलें कानांवर पडलें, आणि मग आम्हांस काय झालें होतें तें कळलें. थाळी ठेवण्याची वेळ गेली, तिच्याबरोबर गोळीचीहि वेळ गेली होती. आम्ही मोतीसाठीं शोक करीत होतों असें आम्हांस वाटत होतें. वस्तुतः मोतीच्या शोकाआड जुना रोग घरांत शिरला होता.

या गोष्टीचें शास्त्रीय विवेचन पुढें आमच्या वाचण्यांत आलें. १९८८ सालीं अमेरिकेंतील सिंडी एलर्स, एलेन फ्रँक व डेव्हिड कुप्फर या संशोधकांनीं असा विचार मांडला कीं, जेवण, काम, झोंप, भेटीगाठी यांच्या ठराविक वेळा शरीरांतील घड्याळ लावून देत असतात. आयुष्यांतील एखाद्या आघातानें या वेळा मोडल्या कीं झोंप व भूक बिघडते, आणि ज्याच्या ठिकाणीं विषादाची प्रवृत्ति आहे त्यास तो रोग पुन्हां गांठूं शकतो. आमच्या घरीं तें घड्याळ चार पायांचें होतें, इतकाच फरक.

दुसऱ्या दिवशीं आम्ही डॉक्टरांकडे गेलों व घडलेलें सर्व सांगितलें. त्यांनीं औषध पुन्हां सुरू करून दिलें आणि विचारिलें, "पहाटे कोठवर जात होतां?" आम्हीं सांगितलें, "नदीच्या पुलापर्यंत." ते म्हणाले, "तेथवर जात राहा." पहिल्या दिवशीं हात रिकामा वाटला. पट्टा खुंटीवरच होता. वाटेंत दूधवाल्यानें विचारिलें, "मास्तर, आज एकटेच?" आम्हीं म्हटलें, "मोती गेला." त्यानें सायकल थांबविली, क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "लई गुणी होता." समाचारास आलेला तो पहिला मनुष्य. त्या दिवशीं पुलावर आम्हांस प्रथमच मोकळेपणानें रडूं आलें.

आमचें म्हणणें यांतच आलें आहे. सोबती जातो, तो परत येत नाहीं; परंतु त्यानें लावून दिलेल्या वेळा त्याच्याबरोबर जाऊं देऊं नयेत. ज्याचें मन निरोगी आहे त्यास यानें आधार मिळेल. ज्याचें मन आजारी आहे त्यानें तर हा नेम औषधासारखाच पाळावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांवर हा प्रसंग येईल. त्या वेळीं रडूं आलें तर रडा. तुम्ही मोठे झालां आहां म्हणून अश्रु गिळण्याचें कारण नाहीं. शोकाच्या ठरलेल्या पायऱ्या असतात व त्या क्रमानें चढाव्या लागतात असें तुमच्या कानांवर येईल. त्या पांच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या बाईंनीं १९६९ सालीं स्वतः मरणोन्मुख असलेल्या रोग्यांविषयीं लिहिल्या होत्या. तुमचा शोक त्या क्रमानें गेला नाहीं म्हणजे तो चुकला असें नव्हे. हॉलंडमधील मार्गारेट स्ट्रोब व हेंक शूट या अभ्यासकांनीं १९९९ सालीं सांगितलें आहे कीं, शोकग्रस्त मन झोंक्यासारखें हेलकावे घेतें. कधीं गेलेल्याकडे जातें, कधीं रोजच्या जीवनाकडे वळतें, आणि दोन्ही हेलकावे आवश्यकच आहेत. म्हणून सकाळीं रडलां आणि संध्याकाळीं खेळतांना हंसलां, तर तुम्ही कृतघ्न झालां असें मानूं नका. तुमच्यापैकीं जे कोणी मनाच्या आजारावर औषध घेत असतील, त्यांनीं तें आपण होऊन बंद करूं नये. एकाएकीं बंद केल्यास कित्येक औषधांमुळें चक्कर, निद्रानाश, चिडचिड असे त्रास होतात. औषध शोकावर नाहीं, रोगावर आहे. तें घेतल्यानें तुमचें प्रेम उणें होत नाहीं.

पालकांस आमची विनंति अशी. मुलास सत्य सांगावें. 'तो झोंपला आहे' किंवा 'गांवाला पाठविला' असें सांगूं नये. पांच वर्षांखालील मुलास मृत्यु कायमचा असतो हें नीट कळत नाहीं. झोंपला म्हटलें तर तें त्याच्या उठण्याची वाट पाहतें, किंवा स्वतः झोंपावयास भितें. तो मेला, त्याचें शरीर आतां चालत नाहीं, त्यास दुखत नाहीं, आणि यांत तुझा दोष नाहीं, हीं चार वाक्यें साध्या शब्दांत सांगावीं. मग मेल्यावर पुढें काय, असें मूल विचारील. त्याचें उत्तर आपापल्या घरच्या श्रद्धेप्रमाणें द्यावें, पण द्यावें. प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये. शक्य असल्यास पुरतांना त्यास जवळ असूं द्यावें, चार फुलें वाहूं द्यावीं. दुसऱ्याच दिवशीं नवें पिलूं आणूं नये. त्यानें मुलास असें वाटतें कीं गेलेला सोबती म्हणजे फुटलेला पेला, दुसरा आणला कीं झालें. आणि कदाचित् त्याच्या मनांत असाहि प्रश्न येईल कीं, मी गेलों तर माझ्याहि जागीं असेंच कोणी येईल काय?

मात्र डोळे उघडे ठेवावे. मूल शोक करीत असलें तरी मधून मधून खेळतें, खातें, बोलतें. दोन आठवड्यांवर दिवस गेले आणि तरीहि झोंप नाहीं, भूक नाहीं, अभ्यासांत लक्ष नाहीं, सर्व दोष स्वतःकडे घेणें चालू आहे, असें दिसल्यास डॉक्टरांस दाखवावें. 'मलाहि त्याच्याकडे जावयाचें आहे' असें मूल म्हणालें तर तें बालिश बोलणें समजून सोडून देऊं नये. त्याच क्षणीं जवळ बसून स्पष्ट विचारावें कीं, मरावें असें तुला वाटतें काय? असें विचारल्यानें तो विचार मुलाच्या डोक्यांत शिरत नाहीं. उलट मनांतील ओझें सांगण्यास त्यास वाट मिळते. अशा वेळीं मुलास एकटें ठेवूं नये. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्रीं केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें, आणि मराठींतूनहि बोलतां येतें. हा क्रमांक घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यास कोणासहि संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

आतां त्या आठवीच्या विद्यार्थ्याकडे वळून लेख संपवितों. त्या दिवशीं शेवटच्या तासाला आम्हीं धडा बाजूस ठेवून वर्गास मोतीची गोष्ट सांगितली. आरंभीं एक-दोन ठिकाणीं हंसूं आलें, मग वर्ग शांत झाला. नंतर एका मुलानें आपल्या शेळीच्या करडाविषयीं सांगितलें, दुसऱ्यानें आजोबांच्या बैलाविषयीं. सकाळीं हंसलेल्यांपैकीं एकानें त्या विद्यार्थ्यास विचारिलें, "तुझ्या कुत्र्याचें नांव काय होतें?" त्यानें नांव सांगितलें. घंटा झाली तरी मुलें कांहीं वेळ बसूनच होतीं.

पालकांस एवढेंच कळवावयाचें कीं, पुन्हां असा प्रसंग आला तर चिठ्ठींत ताप लिहूं नये. खरें कारण लिहावें. तें आमच्या वर्गांत पुरेसें मानलें जाईल.